अभिनयाची परीक्षा आणि तिची तयारी



शाळा-कॉलेजांच्या परीक्षा आटोपल्या, मुले मामाच्या गावाला निघाली, आणि नेमक्या अशा वेळी कोणी एक गृहस्थ उभा राहून परीक्षेवर व्याख्यान देऊ लागतो, हे वरातीमागून घोडे झाले असे आपल्याला वाटेल. पण मी ज्या परीक्षेविषयी बोलणार आहे, तिचे वेळापत्रक बोर्डाच्या वेळापत्रकाशी जुळणारे नाही. ती परीक्षा अभिनयाची आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची वहिवाट घालून दिली, तेव्हा अशा विषयावर कोणी बोलेल असे त्यांच्या मनात आले नसेल. परंतु आज आपल्या पंचक्रोशीतली मुले-मुली अभिनयाच्या परीक्षेला बसू पाहतात. आईबापांना त्याचे कौतुक वाटते आणि धास्तीही वाटते. ते मला तीन प्रश्न विचारतात. अभिनयाची परीक्षा घेता येते काय? येत असेल तर तयारी कशी करायची? आणि एवढे करून पदरात काय पडते? या तीन प्रश्नांच्या क्रमानेच मी जाणार आहे.

पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे फार जुने उत्तर आहे. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' हे नाटक आपल्यापैकी पुष्कळांना नावाने तरी ठाऊक असेल. त्याच्या पहिल्या दोन अंकांत जे घडते ती अभिनयाची परीक्षाच आहे. अग्निमित्र राजाच्या पदरी गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. मी श्रेष्ठ की तू श्रेष्ठ, यावरून दोघांचे भांडण जुंपते आणि ते न्यायासाठी राजाकडे येतात. तेव्हा कौशिकी नावाच्या विदुषी परिव्राजिकेला परीक्षक नेमले जाते. ती सांगते की नाट्य हे प्रयोगाचे शास्त्र आहे, त्यात नुसत्या वादविवादाने काय होणार? दोघांनी आपापली शिष्या पुढे करावी. शिवाय ती अट घालते की पात्रांनी भारी वेषभूषा न करता यावे, म्हणजे अंगांची हालचाल नीट दिसेल. गणदास वयाने वडील म्हणून त्याचा मान पहिला. त्याची शिष्या मालविका ही आपल्या विदर्भाची राजकन्या. ती चार खंडांचे अवघड गीत गाऊन अभिनय करते, आणि परीक्षक निकाल देते की सर्व काही निर्दोष झाले.

तो निकाल कशाच्या आधारावर दिला, हे पाहण्यासारखे आहे. आतला अर्थ अंगांतून बोलला का, पावले लयीला धरून पडली का, हातांचा अभिनय कोमल होता का, एका भावातून दुसरा भाव ओघाने आला का, आणि करणारी त्यात तन्मय झाली होती का, एवढ्या गोष्टी कौशिकी पाहते. पंधरासोळाशे वर्षांपूर्वीची ही गुणपत्रिका आजच्या परीक्षकाने जशीच्या तशी वापरली तरी चालेल!

पण कालिदास मोठा मिस्किल कवी आहे. ही सगळी परीक्षा विदूषकाने मुद्दाम घडवून आणलेली असते, कारण राजाला मालविका डोळे भरून पाहायची असते. तिचे नृत्य संपते, राजाचे काम होते, आणि हरदत्त 'आता माझा प्रयोग पाहावा' म्हणून पुढे येतो, तोच दुपार झाल्याची ललकारी ऐकू येते. भोजनाची वेळ झाली! हरदत्ताला सांगण्यात येते, तुमचे उद्या पाहू. झाले, परीक्षा आटोपली. मालविकेचे पुढे काय झाले ते आपण सगळे वाचतो. हरदत्ताची ती शिष्या मात्र रंगमंचावर आलीच नाही. तिनेही तयारी केली असेल, तीही पहाटे उठून तालीम करीत असेल. तिची पाळी आली नाही. या मुलीला आपण आज जरा लक्षात ठेवू, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ आहे.

कालिदासाने हे कल्पनेतून काढले असे समजू नका. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाचे गुणदोष कसे मोजावेत याचे विवेचन आहे. तिथे परीक्षकांना 'प्राश्निक' म्हटले आहे. प्राश्निक कोण असावेत? यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदशास्त्री, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धारी, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. आपल्याला यादी चमत्कारिक वाटेल. नाटकाच्या परीक्षेला धनुर्धारी कशाला? तर उभे राहण्याची ढब, अंगाचा डौल त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला कळत नाही म्हणून. वेषभूषा चित्रकाराला कळते, दरबारी रीतभात राजसेवकाला कळते, शब्द व्याकरणवाल्याला कळतो. सगळे सगळ्यांना कळते असे भरताने मानले नाही, म्हणून त्याने एका माणसाच्या हाती काटा दिला नाही. आणि सिद्धी, म्हणजे यश, त्याने दोन प्रकारचे सांगितले आहे. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, अंगावरची वस्त्रे-अंगठ्या काढून देतात, ती मानुषी सिद्धी. आपल्या तमाशातली दौलतजादा त्याच कुळातली. पण प्रेक्षागृह तुडुंब भरले आहे आणि कुठे आवाज नाही, गडबड नाही, ती दैवी सिद्धी. शांतता ही टाळीपेक्षा वरची मानली, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा परीक्षा घेता येते, पूर्वीही घेत असत. आजचे प्रकार थोडक्यात सांगतो. संगीताच्या बाबतीत आपल्याकडे श्रेणी पक्क्या बसल्या आहेत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज खेड्यातल्या पेटीवाल्यालाही माहीत आहेत. चित्रकलेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट आहेत. अभिनयात अशा पायऱ्या विलायतेत आहेत. लंडनच्या लॅमडा या संस्थेच्या परीक्षा पहिल्या श्रेणीपासून आठव्या श्रेणीपर्यंत चढत जातात. उमेदवाराने उतारे पाठ करून परीक्षकापुढे सादर करायचे आणि नंतर त्यांवरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. ट्रिनिटी कॉलेजच्या अशाच परीक्षा आपल्या देशातल्या शहरांतूनही होतात.

मराठी मुलाच्या वाट्याला मात्र बहुधा वेगळ्या परीक्षा येतात. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. तिथे प्रवेश हवा तर परीक्षकांपुढे उतारे करून दाखवावे लागतात, आणि त्यातून निवडलेल्यांची पुन्हा काही दिवस कसून पारख होते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, तिथेही कागदावरच्या परीक्षेबरोबर प्रत्यक्ष करून दाखवण्याची परीक्षा असते. मुंबई राज्याच्या काळात, १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आहे. तिच्यात नेपथ्याच्या थाटापेक्षा संहिता आणि अभिनय यांना मान. कौशिकीने वेषभूषा बाजूला ठेवायला सांगितले, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

आता दुसरा प्रश्न, तयारीचा. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

पहिले काम उतारा निवडण्याचे. इथेच निम्मी मुले घसरतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकरांचे स्वगत घेऊन उभा राहतो. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉक्टर श्रीराम लागूंनी ती भूमिका अजरामर केली. पण डॉक्टरांचा आवाज डॉक्टरांच्या छातीतून येत होता. या मुलाने तो ध्वनिमुद्रणातून उचललेला असतो. परीक्षकाने त्या दिवसात असे पाच बेलवलकर पाहिलेले असतात, आणि पाचही एकाच ठिकाणी थांबतात, एकाच ठिकाणी कापऱ्या आवाजात बोलतात. त्याला उमेदवार दिसतच नाही. म्हणून आपल्या वयाला, आपल्या अंगकाठीला पेलेल असा उतारा घ्यावा. त्यात माणसाला काहीतरी हवे असावे, आणि मध्येच कुठेतरी त्याचे मन वळण घेत असावे. नुसते ओरडणे किंवा नुसते रडणे असेल तर पहिल्या मिनिटात सगळे दाखवून होते. उरलेल्या वेळात करायचे काय? आणि उतारा दोन पानांचा असला तरी नाटक सगळे वाचलेच पाहिजे. शिताने भाताची परीक्षा होते हे खरे. पण ते शीत शिजलेल्या भातातले असावे लागते!

दुसरे काम अर्थाचे. मुले संवाद मिळाला की पाठ करायला बसतात. मी म्हणतो, आधी पाठ करू नका. आधी विचारा, हा माणूस कोणाशी बोलतो आहे? त्याला काय हवे आहे? या आधीच्या घटकेला काय घडले? आपल्या मराठीतला एक साधा शब्द घ्या, 'येतो'. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शेजाऱ्याच्या ओट्यावरून उठणारा 'येतो' म्हणतो. सुट्टी संपवून सरहद्दीवर निघालेला जवानही आईला 'येतो' म्हणतो. भांडून घर सोडणारा भाऊसुद्धा उंबऱ्यावर सवयीने 'येतो' म्हणून जातो, आणि तो येणार नाही हे त्याला ठाऊक असते. शब्द एकच. पाठांतराच्या दृष्टीने तिघांचीही तयारी एका सेकंदात होते. अभिनयाच्या दृष्टीने ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळे आयुष्य उभे करावे लागते. हे काम झाले की पाठांतर जवळजवळ आपोआप होते, कारण आता आपल्याला ते वाक्य म्हणण्याची गरज पडलेली असते.

तिसरे काम वाणीचे. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यातल्या वाचिकाकडे आपली मुले सगळ्यात घाबरून पाहतात. कारण काय, तर 'आमची भाषा गावची'. मुलगा घरी 'पानी' म्हणतो, परीक्षेत 'पाणी' म्हणायचे म्हणून एवढा सावध होतो की सगळे लक्ष 'ण'वर जाते आणि आवाज घशातच राहतो. परीक्षकाला उच्चाराची चूक ऐकू येत नाही, कारण त्याला काहीच ऐकू येत नाही! बंधुभगिनींनो, यात लाजण्यासारखे काय आहे? भूमिका जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याची असेल तर शहरातला मुलगा जे सहा महिन्यांत शिकणार नाही ते आपल्या मुलाच्या जिभेवर आयते आहे. भूमिका पुण्याच्या प्राध्यापकाची असेल तर तशी बोली शिकावी लागेल, जशी पुण्याच्या मुलाला आपली शिकावी लागते. दोघांचे कष्ट सारखेच. आपली भाषा टाकायची नाही, दुसरी जोडायची, एवढा सरळ हिशोब आहे. यासाठी रोज मोठ्याने वाचावे. वर्तमानपत्र वाचा, पोथी वाचा, कवितेचे पुस्तक वाचा. एका श्वासात किती शब्द निभतात ते पाहा, आणि श्वास घ्यायचा तो अर्थ जिथे पुरा होतो तिथेच घ्या. शेवटच्या रांगेतल्या म्हातारबाबांना ऐकू गेले पाहिजे, आणि पहिल्या रांगेतल्या लेकराने दचकता कामा नये, हे आवाजाचे माप.

चौथे काम शरीराचे. नवख्या नटाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचे दोन हात. घरी कधी जड न वाटलेले हात रंगमंचावर मणमणाचे होतात. यावर उपाय पुस्तकात शोधू नका, आपल्या वावरात जा. कांदे कापायला बसलेल्या बायका पाहा. विळा चालू असतो, पात कापली जात असते, तोंडाने गप्पा चालू असतात. मध्येच कोणीतरी एखादी बातमी सांगते, कोणाची लेक माहेरी परत आली म्हणून. एका बाईचा विळा थांबतो. ती काही बोलत नाही. क्षणभराने विळा पुन्हा चालू होतो, पण पहिल्यापेक्षा जरा जोरात. त्या थांबलेल्या विळ्यात किती अभिनय आहे! सात्त्विक अभिनय म्हणतात तो मनातून उगवतो आणि अंगावर दिसतो. ज्याने तो विळा पाहिला त्याला हातांचे काय करू असा प्रश्न पडणार नाही.

पाचवे काम, परीक्षेआधीची परीक्षा. भरताचे दहा प्राश्निक मी मघाशी सांगितले. त्यातले निम्मे तरी प्रत्येक गावात आहेत. तालमीतल्या वस्तादांना बोलवा आणि विचारा, मी उभा कसा आहे? पाय जमिनीत रोवलेले आहेत का? निवृत्त गुरुजींना बोलवा, ते शब्द पाहतील. भजनी मंडळातल्या बुवांना लय आणि स्वर कळतो. जिने आयुष्यात खूप सोसले आहे अशा एखाद्या आजींपुढे आपला दुःखाचा प्रसंग करा. त्या काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आपले दुःख खरे की उसने ते समजेल. एवढ्या जणांपुढे जो उभा राहिला त्याला दिल्लीचे परीक्षक जड जाणार नाहीत.

वेळेचेही सांगतो. तीन महिने हाताशी असावेत. पहिला महिना वाचन आणि अर्थ, दुसरा वाणी आणि हालचाल, तिसरा लोकांपुढे करून पाहणे. रोजचा एक तास पुरे, पण तो रोजचा असावा. आपल्या भागात बिबट्याचे भय आहे. सायंकाळी उसाच्या कडेने मुलांना तालमीहून घरी धाडणे आता शहाणपणाचे नाही. तेव्हा शाळांनी सकाळचा किंवा दुपारच्या सुट्टीचा एक वर्ग यासाठी मोकळा द्यावा, अशी माझी मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. तालमीला जागा नाही म्हणून मुलगी घरी बसली, असे होऊ नये.

आणि परीक्षेच्या दिवशी काय? नाव-गाव स्पष्ट सांगावे. ते बोलणेसुद्धा परीक्षक ऐकत असतो. संवाद परीक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणू नये. त्याला प्रेक्षक राहू द्यावे, त्याला आपल्या नाटकातला सावकार करू नये. ओळ विसरली तर 'सॉरी' म्हणून चेहरा पाडू नये. आपल्याला काय हवे आहे ते धरून ठेवले तर ओळ परत येते, आणि आली नाही तरी माणूस उभा राहतो. मध्येच थांबवले तर नापास झालो असे समजू नये; पुष्कळदा परीक्षकाला हवे ते आधीच दिसलेले असते. पुढे प्रश्न विचारतील, हीच भूमिका का घेतली, इथे का थांबलात? पाठ केलेले उत्तर देऊ नका. ज्याने कामे नीट केली त्याच्याजवळ उत्तर असतेच.

आता तिसरा प्रश्न. पदरात काय पडते?

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांतल्या प्रावीण्याला वाढीव गुण देण्याची सोय गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात झाली. कलेला शाळेच्या दप्तरात जागा मिळाली, हे चांगले झाले. पण त्याबरोबर एक रोगही आला. मुलाला कला यावी म्हणून परीक्षा, हे बाजूला राहते आणि गुण यावेत म्हणून कला, असे होऊन बसते. मग शिकवणारा नेमका तेवढाच उतारा घोटून घेतो, हात इथे वर, डोळे इथे पुसा. मुलगा पास होतो आणि त्याचा अभिनय तिथेच संपतो.

मी कागदाला तुच्छ मानत नाही. कागदाची किंमत काय असते ते आपल्या शेजारच्या नारायणगावला विचारा. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. तीही एक परीक्षाच. फरक इतका, की तिचा परीक्षक रात्री हजारोंनी समोर बसतो आणि निकाल जागच्या जागी लावतो. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या घराण्यात वाढलेल्या विठाबाई (१९३५–२००२) ही परीक्षा उभा जन्म देत राहिल्या आणि तिच्यात अव्वल ठरल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पण उतारवयात त्यांनी हलाखी सोसली, हेही आपण विसरता कामा नये. वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते, त्यासाठी आपण कलावंत असल्याचे पुरावे अर्जाला जोडावे लागतात. त्या मानधनातही पुष्कळ वर्षे अ, ब, क अशी प्रतवारी होती. ज्यांनी रात्री रात्री गावे जागवली त्यांच्याजवळ कागद नसतो. म्हणून मी मुलांना सांगतो, प्रमाणपत्र मिळाले तर जपून ठेवा.

पण या निमित्ताने एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपण यात्रेत तमाशा पाहतो, शिट्ट्या मारतो, फेटे उडवतो. आणि आपल्याच घरातली मुलगी 'मला नाटकाच्या परीक्षेला बसायचे आहे' म्हणाली की आपल्या कपाळाला आठी पडते. ज्या कलेवर आपण करमणूक करून घेतली तिला आपण घरात घ्यायला तयार नाही. रंगमंचावरच्या बाईला टाळी द्यायची आणि खाली उतरल्यावर मान द्यायचा नाही, हा व्यवहार आपल्या भागाने फार वर्षे केला. परीक्षेचा एक मोठा उपयोग मला इथे दिसतो. गुणपत्रिका हातात घेऊन मुलगी बापापुढे उभी राहते तेव्हा ती सांगते, 'आबा, हा नाद नाही, ही विद्या आहे. हिला अभ्यास लागतो, हिची परीक्षा होते.' ज्या आबांना अभिनयातले काही कळत नाही त्यांना परीक्षा कळते. एवढ्याने जरी दार उघडले तरी परीक्षेने आपले काम केले.

मात्र निकालाला देव मानू नका. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असे ठरवले. त्यावर मोठा वाद झाला. कोणी म्हणाले, दर्जा राखला. कोणी म्हणाले, मुलांचा हिरमोड केला. मी त्या वादात शिरत नाही. मला इतकेच विचारायचे आहे, की त्या वर्षी ज्या मुलांनी रात्रीचा दिवस करून तालमी केल्या, त्यांच्या अंगात जे मुरले ते करंडकाबरोबर कपाटात राहिले काय? आणि उलट बाजूने पाहा. निळूभाऊ फुले (१९३०–२००९) यांनी अभिनयाची कोणती श्रेणी पास केली होती? ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्ये करीत. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांना लोकांपुढे आणले. त्यांची तयारी कोणत्याही परीक्षेसाठी नव्हती, आणि म्हणूनच ती कोणत्याही परीक्षेला पुरली असती.

आता हरदत्ताच्या शिष्येकडे येतो. तिने तयारी केली, आणि राजाला भूक लागली म्हणून तिची पाळी गेली. अन्याय झाला यात शंका नाही, आणि परीक्षांच्या जगात असे अन्याय होतात. गाडी चुकते, परीक्षक थकलेला असतो, जागा थोड्या असतात. आपल्या मुलांपैकी पुष्कळांच्या वाट्याला मालविकेचे यश येणार नाही, या मुलीचे नशीब येईल. म्हणून तयारी अशी करावी की पाळी न आली तरी ती फुकट जाऊ नये. ज्याने तीन महिने एका माणसाच्या मनात शिरून पाहिले, ज्याने आपला आवाज ओळखला, ज्याला कांदा कापणाऱ्या बाईचा थांबलेला विळा दिसू लागला, तो पुढे नट होईल किंवा न होईल. तो शिक्षक झाला तर वर्गातल्या गप्प मुलाकडे त्याचे लक्ष जाईल. ती सरपंच झाली तर ग्रामसभेत तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेल. तो नुसता शेतकरी राहिला तरी घरी आलेल्या माणसाच्या 'येतो'मध्ये काय दडले आहे ते त्याला ऐकू येईल. एवढे ज्या तयारीतून मिळते तिला परीक्षेचे निमित्त पुरे आहे.

तेव्हा आईबापांना माझे सांगणे इतकेच, की मुलांना बसू द्या. निकालाच्या दिवशी श्रेणी कोणती असे विचाराल तेव्हा त्याबरोबर आणखी एक विचारा, 'बाळ, करून दाखव की आम्हाला एकदा.' आणि ते करीत असताना ओट्यावर क्षणभर शांतता पसरली, कोणाचा फोन वाजला नाही, कोणी उठून गेले नाही, तर समजा की भरतमुनींनी सांगितलेली वरची सिद्धी आपल्या अंगणात उतरली.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकलेत. त्या शांततेला मी दैवी सिद्धी म्हणण्याचे धाडस करीत नाही, ती आपली सभ्यता आहे! मी आपली रजा घेतो. येतो.